कुमाऊंत पहिल्यांदा गाडीने जायचंय? प्लॅन असा करा

हिमालयात पहिल्यांदा गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचा हिशोब नेमका कुठे चुकतो ते आधी सांगतो, कारण माझाही तिथेच चुकला होता. आपल्या डोक्यात घाट म्हणजे खंबाटकी, ताम्हिणी, माळशेज. म्हणजे अर्धा-पाऊण तास वळणं वळणं, मग वर सपाट नाहीतर खाली कोकण, संपला घाट. सह्याद्री ही पठाराची कड आहे, ती एकदा ओलांडली की झालं. उत्तराखंडातल्या कुमाऊंत तसं नाही. पायथ्याचं काठगोदाम स्टेशन सोडलं की जो घाट सुरू होतो तो तुम्ही परत काठगोदामला येईपर्यंत संपतच नाही. काठगोदाम साधारण ५५० मीटरवर, तिथून भवालीला साडेसोळाशे, मग रस्ता उतरत उतरत कोसी नदीला लागतो आणि खैरन्याला पार हजारच्या आसपास येतो, तिथून अल्मोड्याला परत सोळाशेच्या वर. पुढे बागेश्वरला सरयू, म्हणजे परत खाली. चौकोडी दोन हजार मीटर, परत वर. थलला रामगंगा, परत खाली. डोंगराच्या धारा आणि त्यांच्यामधून कापत गेलेल्या नद्या अशी सगळी रचना आहे आणि रस्त्याला त्या सगळ्या ओलांडाव्या लागतात.

म्हणून पहिला नियम, अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही, तासात मोजायचं. तासाला २० ते २५ किलोमीटर धरा, चहा, फोटो, कोणाला मळमळलं तर थांबणं हे सगळं धरून. म्हणजे १०० किलोमीटर म्हणजे चार-पाच तास. मोबाईलवरचा मॅप साडेतीन तास दाखवेल, त्याच्यावर जाऊ नका.

आधी महिना ठरवा

तिकीट, हॉटेल, गाडी सगळं नंतर. महिना चुकला तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर अखेर हा काळ घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पाऊस गेलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि नंदादेवी, त्रिशूल, पंचचुली ही शिखरं सकाळी अगदी कोरल्यासारखी दिसतात. दुसरा चांगला काळ मार्च-एप्रिल, तेव्हा बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो, अख्खे डोंगर लाल होतात, एप्रिलच्या शेवटी रस्त्याकडेला पोरं काफळ हे रानफळ विकायला बसतात, पण शिखरं मात्र ऑक्टोबरइतकी खात्रीने दिसत नाहीत. मे-जून आपल्या शाळांच्या सुट्ट्यांचा काळ म्हणून सगळे तेव्हाच जातात, आणि नेमकी तेव्हाच नैनितालला गर्दी, रस्त्यावर जॅम, आणि पाऊस लांबला असेल तर चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात वणवे लागलेले. खाली पडलेल्या चीडच्या सुया, ज्याला तिथे पिरूल म्हणतात, त्या रॉकेल ओतल्यासारख्या पेटतात आणि त्या धुरात समोरचा डोंगरसुद्धा दिसत नाही, बर्फाची शिखरं तर दूरच. मुलांच्या शाळेमुळे मे शिवाय पर्याय नसेल तर नैनिताल वगळा आणि सरळ आतल्या गावांकडे जा.

जुलै ते सप्टेंबरचा मध्य, नाही म्हणजे नाही. आपल्याला पावसाळी घाटाचं प्रेम असतं, धबधबे, धुकं, गरम भजी, मला कळतं ते. पण हिमालयाचा डोंगर तरुण आहे, ठिसूळ आहे, त्यात रस्त्यासाठी तो उभा कापलेला असतो, तिथे पावसात दगड येतात आणि रस्ता दोन-दोन दिवस बंद राहतो. आणि पाऊस नेहमी कॅलेंडर बघून जातो असंही नाही. २०२१ मध्ये १८-१९ ऑक्टोबरला, म्हणजे सगळे पावसाळा संपला म्हणत असताना, मुक्तेश्वरला २४ तासात ३४० मिलिमीटर पाऊस पडला, रस्ते तुटले, काठगोदामजवळ गौला नदीने रेल्वेचा रूळ खालून पोखरून नेला. त्यामुळे कुठल्याही महिन्यात जा, एक दिवस मोकळा ठेवाच.

डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ बघायला मिळू शकतो, पण पहिल्यांदा स्वतः गाडी चालवणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. बर्फापेक्षा पाल्याची भीती जास्त, म्हणजे सावलीतल्या वळणावर रात्री गोठलेला पातळ थर, तो डोळ्याला दिसत नाही आणि ब्रेक मारला की गाडी सरळ घसरते.

मग दिवस मोजा आणि गावं कमी करा

माझ्याकडे लोक प्लॅन पाठवतात त्यात सात दिवसात नैनिताल, रानीखेत, अल्मोडा, कौसानी, मुनस्यारी, वर जिम कॉर्बेट. हे सगळं होतं, नाही असं नाही, पण मग तुम्ही हिमालय गाडीच्या काचेतूनच बघता आणि रोज संध्याकाळी थकून झोपता. एका गावात दोन रात्री हे माझं मोजमाप. पहिल्या दिवशी पोचेपर्यंत दुपार झालेली असते आणि दुपारी शिखरं ढगात जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलात की मग खरं बघायला मिळतं.

सुट्टी नऊ रात्रींची असेल तर असं करा. काठगोदामहून भीमताल, धानाचुली करत मुक्तेश्वर, साधारण ६५ किलोमीटर, तिथे दोन रात्री. मुक्तेश्वरचा आपल्याशी एक जुना धागा आहे, १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली जनावरांच्या रोगांवरची सरकारी प्रयोगशाळा १८९३ मध्ये इथे हलवली, कारण बुळकांडीसारख्या साथीच्या रोगावर काम करायला वस्तीपासून लांब आणि थंड जागा हवी होती. ती संस्था आजही तिथे देवदारांमध्ये उभी आहे, बाहेरून का होईना बघून या.

मुक्तेश्वरहून बिनसर, दोन रात्री. बिनसर हे अभयारण्य आहे, १९८८ पासून, गेटवर माणसांचे आणि गाडीचे पैसे भरावे लागतात आणि आतल्या राहण्याच्या काही ठिकाणी वीज ठरावीक वेळच असते, तेव्हा मोबाईल आणि कॅमेरा अल्मोड्यातच चार्ज करून घ्या. झीरो पॉइंटपर्यंत ओक-बुरांशच्या जंगलातून चालत जायचं, वाट सोपी आहे, आणि वर साधारण २४०० मीटरवरून चौखंबा ते पंचचुली अशी बर्फाची रांग एका नजरेत मावत नाही. या ट्रिपमध्ये एकच पहाट जागायची असेल तर ती इथली. बिनसरहून एक दिवस जागेश्वरलाही जाऊन येता येतं, देवदारांच्या दाट सावलीत शंभरावर लहान-मोठी जुनी मंदिरं आहेत.

मग बागेश्वर करत चौकोडी एक रात्र, मग मुनस्यारी दोन रात्री, परतीला कौसानी एक, भीमताल एक. झाल्या नऊ.

एकच आठवडा असेल तर मुनस्यारी सोडा. मला माहितीय मुनस्यारीचे फोटो बघूनच तुम्ही हे वाचायला घेतलं असेल, पण चौकोडी ते मुनस्यारी जवळजवळ १०० किलोमीटर, आधी थलपर्यंत उतार, मग बिर्थीच्या धबधब्यापासून कालामुनीपर्यंत सलग चढ, साधारण २७०० मीटर, आणि मग पलीकडे उतरून मुनस्यारी. जायला एक दिवस, यायला एक दिवस. एका आठवड्यात ते बसवलं तर बाकी सगळ्याची घाई होते. त्याऐवजी मुक्तेश्वर दोन, बिनसर दोन, कौसानी दोन करा. कौसानीला १९२९ मध्ये गांधीजी राहिले होते, ती जागा आज अनासक्ती आश्रम म्हणून आहे, कवी सुमित्रानंदन पंतांचं जन्मगावही हेच, आणि खाली वीसेक किलोमीटरच्या आत बैजनाथची गोमतीकाठची दगडी मंदिरं आहेत, तिथे दुपार अगदी शांत जाते.

अंधार लवकर पडतो, हे वेगळं लिहितोय कारण कोणी सांगत नाही

कुमाऊं आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आणि उत्तरेला आहे पण घड्याळ एकच. नोव्हेंबरच्या मध्यात मुंबईत सूर्य सहाला मावळतो, मुनस्यारीला सव्वापाचलाच. त्यात तुम्ही दरीत असाल तर चार वाजताच डोंगराची सावली रस्त्यावर येते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौकोडीहून आरामात साडेअकराला निघालो, थलला जेवलो, धबधब्यापाशी तासभर फोटो काढले, आणि मॅपवर ३५ किलोमीटर राहिलेत म्हणजे सहापर्यंत पोचू असं धरून चाललो होतो. साडेपाचला काळोख. कालामुनीच्या चढावर धुकं, रस्त्याला कठडा नाही, एका वळणावर डोंगरातून पाणी येऊन रस्ताच चिखल झालेला, बायको खिडकीतून डोकं काढून कड कुठे आहे ते सांगत होती. पोचलो साडेसातला, दोघंही काही न बोलता झोपलो. त्या दिवसापासून नियम केलाय, सकाळी आठच्या आत गाडी सुरू आणि दुपारी चारच्या आत गाडी बंद. तुम्हीही कागदावर लिहून गाडीत चिकटवा.

तिथपर्यंत पोचायचं कसं, आणि गाडी कोणती

महाराष्ट्रातून स्वतःची गाडी घेऊन जाणारे आहेत, पण दिल्लीपर्यंतच दोन दिवस जातात, तेवढी सुट्टी असेल तरच. नाहीतर दिल्लीपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून काठगोदाम. सकाळची शताब्दी दुपारच्या सुमारास पोचवते, रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे. मला रात्रीची बरी वाटते, पहाटे उतरलं की अख्खा दिवस हातात राहतो. काठगोदाम हे शेवटचं स्टेशन, पुढे रूळच नाहीत, त्यामुळे झोप लागली तरी स्टेशन चुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र मैदानी भागातल्या धुक्याने गाड्या खूप लेट होतात, तेव्हा पहिल्या रात्रीचं हॉटेल जवळचंच घ्या.

गाडीचे दोन पर्याय. ड्रायव्हरसकट टॅक्सी किंवा सेल्फ ड्राइव्ह. ज्याने सह्याद्रीतले घाट दहा-पंधरा वेळा तरी, पावसात आणि रात्री चालवलेले नाहीत त्याने ड्रायव्हर घ्यावा, यात कमीपणा काही नाही. स्थानिक ड्रायव्हर म्हणजे नुसता चालवणारा नसतो, कुठे मलबा आलाय, कुठे जेसीबी लागलाय, कुठल्या ढाब्यावर ताजं मिळतं, हे सगळं त्याला फोनवर कळत असतं. हल्द्वानी-काठगोदामचाच ड्रायव्हर घ्या, दिल्लीचा नको. दिल्लीचा ड्रायव्हर हायवेला उत्तम असतो पण पहाडात त्यालाही तुमच्याइतकंच नवीन असू शकतं. ठरवताना रोजचे पैसे, त्याचं राहणं-जेवण कोणाकडे, पार्किंग-टोल कोणाकडे, हे बोलून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि हॉटेल बुक करताना ड्रायव्हरला झोपायला जागा आहे का हे विचारा, हे फार जण विसरतात, आणि मग नोव्हेंबरच्या थंडीत तो माणूस गाडीतच झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तुमचा जीव त्याच्या हातात असतो. दाज्यू म्हणा त्याला, म्हणजे तिथलं दादा, खूप फरक पडतो.

सेल्फ ड्राइव्ह घेणार असाल तर नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत, ती भाड्याने द्यायची परवानगी असलेली गाडी. कोणाची तरी पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, काही झालं तर इन्शुरन्सचं सगळं तुमच्या गळ्यात. मोठी एसयूव्ही हवीच असं नाही, छोटी गाडी अरुंद रस्त्याला सोपी जाते, फक्त टायर नवे, ब्रेक पॅड चांगले आणि स्टेपनीत हवा, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा. जॅक आणि पाना आहे का तेही डिकी उघडून डोळ्याने बघा.

पहाडात गाडी चालवताना

चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. नियमही तसाच आहे आणि कारण साधं आहे, चढावर थांबलेली गाडी परत उचलणं अवघड. तुम्ही उतरत असाल आणि रस्ता अरुंद असेल तर रुंद जागा बघून तुम्ही थांबा.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं डोक्यातही आणू नका. आपल्याकडचा उतार वीस मिनिटांत संपतो, तिथे तासभर उतार चालतो, सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि मग दाबूनही धरत नाहीत. इंजिनला गाडी आवरू द्या, ब्रेक फक्त वळणाआधी. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल कसा लावायचा ते काठगोदामलाच शिकून घ्या. जळका वास आला तर रुंद जागी बाजूला घ्या, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका.

आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, शहरातली लाज तिथे नको. स्वतःची बाजू सोडून वळण कापू नका, समोरून केमूची, म्हणजे तिथल्या बसमालकांच्या संघाची, बस येते तेव्हा तिला अख्खा रस्ता लागतो. मागून बोलेरोवाला आला की साइड देऊन मोकळे व्हा, त्याला रोजचा रस्ता आहे, त्याच्याशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. पार्क करताना गिअरमध्ये ठेवा, चाक डोंगराच्या बाजूला वळवा, मागे दगड लावा, आणि निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला टाका. डोंगरातून ताजे बारीक दगड पडलेले दिसले तर तिथे फोटोसाठी थांबू नका, मोठे त्यांच्यामागून येतात.

टाकी हल्द्वानीत फुल करा, मग अल्मोडा, मग बागेश्वर. अर्धी झाली की भरायची.

दोन जागांबद्दल वेगळं सांगतो. भवालीच्या पुढे कैंची धाम, बाबा नीम करौलींचा आश्रम, तिथे शनिवार-रविवारी तासन् तास जॅम लागतो आणि १५ जूनला तर जत्राच असते, दर्शन घ्यायचं असेल तर मधल्या वारी सकाळी लवकर. दुसरी जागा क्वारब, अल्मोड्याच्या अलीकडे, तिथला डोंगर २०२४ पासून सारखा सरकतोय आणि रस्ता अधूनमधून बंद होतो. निघायच्या आधी चौकशी करा. बंद असेल तर शहरफाटक-लमगडा करून अल्मोड्याला जाता येतं, वेळ जास्त लागतो पण रस्ता सुंदर आहे, मुक्तेश्वरहून येणाऱ्याला तर सोयीचाच.

पोट, पैसे, फोन

उंचीचा त्रास या रूटवर सहसा होत नाही, राहण्याची गावं अडीच हजार मीटरच्या आतली आहेत. त्रास होतो तो वळणांचा. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फायदा नाही, आणि चालवणाऱ्याने ती घेऊ नये, झोप येते. लहान मुलांना सकाळी पोटभर दूध पाजून गाडीत बसवू नका, कोरडं काहीतरी द्या, खिडकी थोडी उघडी, मोबाईल काढून घ्या.

खायला आलू के गुटके, भट्ट की चुडकानी, मडुव्याची भाकरी मागा. मडुवा म्हणजे आपली नाचणीच, आजीआजोबा बरोबर असतील तर त्यांना घरचं वाटतं. छोट्या ढाब्यावर हे मेन्यूवर नसतं, सकाळी सांगून ठेवलं तर रात्री करून देतात.

रोख पैसे अल्मोड्यातून काढून घ्या, पुढे नेट गेलं की यूपीआय पण गेलं. सगळ्यांची सिम एकाच कंपनीची नकोत, एकाला जिओ तर एकाला एअरटेल किंवा बीएसएनएल. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, आणि मॅपने मुख्य रस्ता सोडून शॉर्टकट दाखवला तर समोरून येणाऱ्या जीपवाल्याला विचारल्याशिवाय वळू नका, तो रस्ता नुसता कच्चा नाही तर अर्धवट तुटलेलाही असू शकतो. पोलीस, ॲम्ब्युलन्स सगळ्यासाठी ११२.

रोज सकाळी निघताना

हॉटेलवाल्याला विचारा, आज रस्ता खुला आहे ना, कुठे काम चालू आहे का. पहाडात रस्ता रुंद करायची कामं चालू असली की काही तास वाहतूक थांबवतात. ज्या गावी जाताय तिथल्या हॉटेललाही फोन करून विचारा, कारण खालच्या माणसाला वरचं माहीत नसतं. चाकांवर एक नजर टाका, काच आतून-बाहेरून पुसा, सकाळच्या तिरप्या उन्हात मळकी काच म्हणजे समोरचं काही दिसत नाही. पाणी भरून घ्या. घरी एक मेसेज टाका, आज इथून इथे, इतक्या वाजेपर्यंत पोचू, आणि नेट नसेल तर काळजी करू नका, रात्री कळवू.

परतीला शेवटची रात्र भीमतालला ठेवायला सांगितलं ती याचसाठी, की ट्रेनच्या दिवशी हातात फक्त वीसेक किलोमीटरचा उतार राहिला पाहिजे. कौसानीहून थेट काठगोदाम पाच-सहा तासाचं आहे, मध्ये एक दरड आली की ट्रेन गेली. त्यापेक्षा आदल्या दिवशी वाटेत अल्मोड्याच्या बाजारात थांबा, बाल मिठाई घ्या, खवा भाजून केलेली, वरून साखरेचे पांढरे दाणे लावलेली. डबा गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका, आणि घरच्यांसाठी घेताय त्यापेक्षा एक डबा जास्त घ्या, कारण पहिला भीमतालपर्यंतच संपतो.